झोपेचे फेरे मोजणारा पाटकरी

माझ्या नवऱ्याचं काम लोकांना उठवायचं होतं. सुवैरिज गावचे ते पाटकरी. नाव खलफान बिन मसऊद, पण थोरला हिलाल झाल्यापासून सगळं गाव त्यांना अबू हिलाल, म्हणजे हिलालचे वडील म्हणायचं, आणि मीही; मला उम्म हिलाल. लग्नानंतर पहिले दोन महिने हा माणूस मला धड जागा असा दिसलाच नाही. मी पहाटे फजरच्या नमाजेला उठायचे तेव्हा हे झोपायला घरी यायचे. आई भेटायला आली तेव्हा मी तिला म्हणाले, "तुम्ही मला माणसाला दिलंय की वटवाघळाला?"

आई म्हणाली, "वटवाघूळ निदान फळं खाऊन गुबगुबीत तरी होतं. ह्याला जेवायला घाल, फार वाळलाय."

वाळलेलेच होते. उंच, किडकिडीत, पाठीत जरा वाकलेले. आवाज इतका हळू की मिठाची वाटी मागितली तरी मला वाटायचं, काहीतरी गुपित सांगताहेत. अशा माणसाला गावाने हाका मारायचं काम का दिलं, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं.

आमचा पाट डोंगरातून येतो, गावातून वळणं घेत खजुराच्या बागांत उतरतो. पाणी एकच आणि बागा साठ. कुणाची पाळी कधी, किती वेळ, हे आमच्या आजे-पणजांच्याही आधी ठरलेलं. आठ दिवसांनी प्रत्येकाची पाळी परत येते. पाण्याचं माप म्हणजे अथर. दिवसा मशिदीच्या अंगणातल्या काठीच्या सावलीवर अथर मोजायचा, रात्री ताऱ्यांवर. नातवंडं आता घड्याळ पुढे करून सांगतात, "आजी, एक अथर म्हणजे अर्धा तास." असेल बाबा. मला अथर कळायचा तो तव्यावरून. पीठ मळून घ्यावं, चूल पेटवावी, दहा-बारा पातळ भाकऱ्या उतरवाव्यात, की झाला एक अथर.

पाटकऱ्याने तारा बघायचा, ज्याची पाळी त्याच्या दाराशी जायचं, गल्लीतूनच तीनदा नाव घ्यायचं. आतून ओ आली की त्याचं काम संपलं. दाराला हात लावायचा नाही. आणि दुसऱ्याच्या दाऱ्याला, म्हणजे जिथून पाणी बागेत वळतं तिथल्या दगडाला आणि चिंध्यांच्या बोळ्याला, कुणीच हात लावायचा नाही. मदत म्हणूनसुद्धा नाही. दुसऱ्याचा बोळा सरकवला म्हणजे चोरी, मग मनात काही का असेना. पाटकऱ्याच्या घरच्यांनी तर पाण्यात पाय बुडवतानाही चार माणसं बघत असतील अशा ठिकाणीच बुडवावे. मी नवी नवरी असताना कपडे धुता धुता एका दाऱ्याजवळ सरकले, तर सासूने लांबूनच आरोळी ठोकली, जणू मी विहिरीत उडी मारत होते.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, तेव्हा आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. आमच्यापासून तिसऱ्या घरात झयाना राहायची. एकोणीस वर्षांची असेल, मला खाला, म्हणजे मावशी म्हणायची. नवरा सालिम दोन वर्षांसाठी बहरीनला मजुरीला गेलेला. सासू आधीच नव्हती, सासरा मागच्या वर्षी गेला. घरात ती आणि चार महिन्यांचा हुमैद. हुमैद म्हणजे काय पोर! दिवसा मुकाट झोपायचं, आणि दिवे लागले की सगळ्या गल्लीला कळायचं की हुमैद उठला.

जाताना सालिमने वडिलांच्या खलास जातीच्या जुन्या खजुरांचे नऊ फुटवे काढून बागेत लावले होते. तसल्या फुटव्यांनी एकदा मूळ धरलं की पन्नास-साठ वर्षं घर चालतं. पण पहिला उन्हाळा फार जपायचा. तो म्हणाला होता, "पाण्याला एक गडी लावून जातो, पुढे त्याला खजुरातला वाटा देऊ."

ही म्हणाली, "नऊ रोपांना गडी? लोक हसतील. मी उठेन की."

तिची पाळी दोन अथरांची. रात्रीची ईशाची नमाज झाली की चार अथरांनी डोंगराच्या खाचेतून एक तारा वर येतो, आम्ही त्याला कावळा म्हणतो. कावळा दिसला की शेजारच्या बागेतल्या हम्मूदबाबांचं पाणी संपून झयानाचं सुरू.

पहिली पाळी चुकली. झयाना आलीच नाही, पाणी हम्मूदबाबांच्याच बागेत वाहत राहिलं. सकाळी ती आमच्या दारात उभी. "काका, काल मला हाक मारली नाहीत?"

अबू हिलाल झोपेतून उठून आले. "मारली. तू ओ दिलीस."

"मी? काका, मी डोळा उघडला तो थेट अजानीला!"

"तू म्हणालीस, उठले, उठले."

जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला पदर सावरावासा वाटला.

आठ दिवसांनी दुसरी पाळी. ह्यांनी मला बरोबर घेतलं, साक्षीला. गल्लीत उभं राहून ह्यांनी तिचं नाव घेतलं. तिसऱ्या हाकेला वरून, धाब्यावरून, झयानाचा आवाज आला. उन्हाळ्यात सगळं गाव धाब्यावरच झोपतं. आवाज अगदी खणखणीत. "हो काका, उठले! कहवा ठेवते!"

मी ह्यांना कोपराने ढोसलं. "बघा, उठली. कहवासुद्धा ठेवतेय." आणि आम्ही निघून आलो.

कसला कहवा नि कसलं काय. सकाळी ती आली ती रडतच. हुमैद काखेला, हातात खजुराचं एक वाळकं पान. "दोन रोपं गेली, खाला. मधलं पान ओढलं तर हातात आलं." फुटव्याचं मधलं पान हातात आलं की तो मेला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मग ती ह्यांच्याकडे वळली. "काका, तुम्ही आला नव्हतात."

"आलो होतो, पोरी. ही होती बरोबर."

"मग तुम्ही दोघंही खोटं बोलता!"

गल्लीतल्या चार बायका उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. पाटकऱ्याला खोटारडा म्हणणं म्हणजे साऱ्या गावाच्या सावलीला आणि ताऱ्यांना खोटं म्हणणं. मला राग आला. मी म्हणाले, "अगं, तू कहवा ठेवते म्हणालीस! माझ्या कानांनी ऐकलं!"

"माझ्या घरात कॉफीचा दाणा नाही महिनाभर," झयाना म्हणाली. "कुठून ठेवेन कहवा?"

ती खरं बोलत होती आणि आम्हीही खरं बोलत होतो. ह्यांनी ते वाळकं पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग तिला म्हणाले, "सात उरलीत ना? घागरींनी जगव आठ दिवस. पुढच्या पाळीला पाणी मिळेल."

"आणि नाही मिळालं तर?"

तिसऱ्यांदा पाणी चुकलं तर त्या उन्हात घागरींनी काही वाचणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं आणि ह्यांनाही.

संध्याकाळी भाकरी वाढताना मी म्हणाले, "पुढच्या वेळी मीच जाते. दार वाजवते, आत शिरते, तोंडावर पाणी ओतते."

"दाराला आतून अडसर असतो. एकटी बाई आहे ती."

"मग अडसर काढून ठेवायला सांगते."

"आणि दर आठ दिवसांनी ओतणार पाणी? सालिम येईपर्यंत, दोन वर्षं?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "अन् ती एकटीच आहे का? गेल्या वर्षी नासिरने असंच केलं. त्याच्या आधी त्या म्हाताऱ्या सुलैमाने. ओ देतात आणि येत नाहीत. आपण म्हणतो आळशी. आळशी माणूस ओ देत नाही, तो गप्प पडून राहतो. मला हे नीट बघायचंय."

आणि बघायचं म्हणजे त्यांनी कुणाला बघावं? मला!

बारा वर्षांत पहिल्यांदा नवरा रात्रभर माझ्या उशाशी बसला. दोन हाकांच्या मध्ये मोकळा वेळ मिळाला की यायचे, धाब्याच्या कठड्याला टेकून बसायचे, एकदा ताऱ्यांकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. पहिल्या रात्री मला फार गोड वाटलं. दुसऱ्या रात्री कळलं की हे खडे मांडून माझ्या झोपेचे अथर मोजताहेत.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"तू झोप. मधेच बोललीस तर मोजणी चुकते."

तीन रात्रींनी त्यांनी सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही, कारण अर्धं माझ्या बदनामीचंच होतं. म्हणाले, "तू झोपलीस की आधी हात-पाय सैल सोडतेस, मग दगडासारखी पडतेस. मग घोरतेस."

"मी घोरत नाही."

"बरं. मग तो जो कोण घोरतो तो गप्प होतो, डोळे पापण्यांच्या आत हलतात, ओठ हलतात. आणि तीन अथर झाले की तू कूस बदलतेस, चादर ओढतेस, एकदा तर डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. मग पुन्हा तसंच, पहिल्यापासून. परत तीन अथर. मी बाकीच्या धाब्यांवरही कान ठेवला. कुणाचं थोडं अलीकडे, कुणाचं थोडं पलीकडे, पण तीनच्याच आसपास."

"मग?"

"काल तू दगडासारखी पडलेली असताना मी तुला हाक मारली. तू म्हणालीस, बकरी बांधा."

"आणि तुम्ही बांधलीत?"

"बकरी बांधलेलीच होती. म्हणून तर कळलं की बोललीस तू, पण तू जागी नव्हतीस. मग फेरा संपता संपता, कूस बदललीस तेव्हा, मी नुसता श्वासाएवढा आवाज केला, आणि तू उठून बसलीस. आठवतं?"

आठवत होतं. मला वाटलं होतं, आपणच उठलो.

"झयाना ईशाची नमाज होताच झोपते," ते म्हणाले. "तीन अथरांनी तिचा पहिला फेरा संपतो. चौथ्या अथराला ती दुसऱ्याच्या तळाशी असते, आणि नेमका तेव्हा मी जातो हाक मारायला. विहिरीत पडलेल्या माणसाला वरून विचारायचं, येतोस का, तसं आहे हे. तो हो म्हणेल. येणार कसा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी झयानाला आमच्या पायरीवर बसवून हे सांगितलं. ती ऐकत होती, पण चेहरा आंबट. शेवटी म्हणाली, "म्हणजे काका, मी काय करायचं?"

"एक अथर उशिरा झोपायचं."

"उशिरा?" ती माझ्याकडे वळली. "खाला, ऐकलंत? माझी झोप होत नाही म्हणून मी उठत नाही, आणि हे म्हणतात अजून कमी झोप!"

"रात्री कमी नाही," हे म्हणाले. "अर्धवट तोडलेला एक फेरा फुकट घालवतेस, तो वाचव. पाणी देऊन परत येशील तेव्हा फजरपर्यंत नऊ अथर उरतात. तीन पूर्ण फेरे. आणि दुपारी हे पोर झोपतं तेव्हा भांडी घासत बसू नकोस. एक पूर्ण फेरा झोप."

"भांडी मग कोण घासणार?"

"मी घासते," मी म्हणाले. बोलून गेले खरी, आणि पुढचे पाच दिवस तिची भांडी घासली.

पाळीला पाच रात्री होत्या. ह्यांनी ठरवलं, रोज करून बघायचं. पहिल्या रात्री ती सांगितल्याप्रमाणे अथरभर थांबून झोपली. तीन अथरांनी हाक मारली, तर वरून उत्तर, "उठले, उठले." आणि मग सामसूम.

मी म्हणाले, "घ्या. काढा अजून खडे."

सकाळी झयानाला विचारलं तेव्हा कळलं, मध्ये हुमैद उठला होता. त्याला पाजून, थोपटून ती पुन्हा झोपली होती. ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "चूक माझी. अथर कधीपासून धरतात? पाणी डोंगरातून निघतं तेव्हापासून नाही, वाफ्याला लागतं तेव्हापासून. इतकी वर्षं मी लांबच्या बागांना असंच मोजून देतो, आणि झोपेला मात्र अंथरुणापासून मोजत बसलो! डोळा लागतो तिथून फेरा धरायचा. मध्ये तुटला की पुन्हा पहिल्यापासून."

"पण तिचा डोळा कधी लागला हे तुम्हाला गल्लीत कसं कळणार?"

म्हणून कंदील आला. पोराला पोटभर पाजायचं, ते झोपलं की कठड्यावरचा कंदील विझवायचा आणि आडवं व्हायचं. कंदील विझला की ह्यांची मोजणी सुरू.

एवढं सगळं ठीक होतं, पण गाव आहे ते. त्याच दिवशी पाटावर पाणी भरताना माझ्या कानावर कुजबुज आली. आणि संध्याकाळी हम्मूदबाबांनी मशिदीच्या पायरीवरून सगळ्यांदेखत ह्यांना विचारलं, "काय रे खलफान, परक्या बाईच्या धाब्यावरचा कंदील बघत बसायला पाटकऱ्याला कोणता तारा सांगतो?"

मी पलीकडच्या बाजूला डोक्यावर घागर घेऊन उभी होते. ह्यांचा आवाज भांडणात कधीच पोचला नाही. मग मीच बोलले. "हम्मूदबाबा, कंदील मी बघते. तुमचं काय ते सांगा. दोन पाळ्यांचं जास्तीचं पाणी पिऊन तुमचा लसूणघास माझ्या कमरेएवढा झालाय म्हणे."

लोक हसले. हम्मूदबाबांनी दाढी झटकली. "मी चोरलं का? ती आली नाही, मी काय पाटाला शिव्या देऊ? तुझ्या नवऱ्याचं काम उठवण्याचं. झोपवायला त्याला कुणी नेमलंय?"

"तुम्हालाही झोपवायला हवंय कुणीतरी," मी म्हणाले. "दुपारभर जांभया देता आणि वाटेल ते बोलता."

त्या रात्रीपासून कंदील खरोखरच माझ्याकडे आला. मी आमच्या धाब्यावर बसून कंदिलाकडे बघायचे, तो विझला की ह्यांना सांगायचे. हाकही मीच मारायची असं ठरलं. पाळीची खरी हाक तेवढी ह्यांची, बाकीच्या रात्री माझी. पाळीच्या आदल्या तिन्ही रात्री, कंदील विझल्यापासून बरोबर तीन अथरांनी मी तिसऱ्या घराखाली जाऊन हळूच म्हणायचे, "झयाना." दुसरी हाक लागायची नाही. ती कठड्यावरून वाकून म्हणायची, "खाला, आज कुठून पडले नाही मी. आपोआप वर आले." तिचा चेहराही बदलला. दुपारची झोप मिळाली की डोळ्यांखालचं काळं जातं. सात रोपांची मधली पानं अजून हिरवी होती, पण कडा पिवळ्या पडत चालल्या होत्या. घागरींनी किती पुरणार?

मग पाळीची रात्र आली.

ईशाची नमाज झाली. एक अथर गेला. कंदील जळतोय. हुमैदचं रडणं सुरू. त्या दिवशी गरम वारा होता आणि पोराला दातांचं काहीतरी सुरू झालं असावं. दोन अथर गेले, तरी कंदील जळतोय. मी मनातल्या मनात त्या पोराला सांगत होते, झोप रे बाळा, आजच्या दिवस झोप, उद्या हवं तेवढं रड. तीन अथर झाले आणि कंदील विझला.

मी खाली धावले. हे मशिदीच्या अंगणात दगडावर बसले होते. "आत्ता विझला," मी म्हणाले. "आत्ता!"

त्यांनी वर बघितलं. कावळ्याला एकच अथर उरला होता. म्हणजे ती बरोबर तळाशी असताना हाक मारायची. पहिल्यासारखंच. उलट वाईट, कारण अशी थकून झोपलेली.

"थांबा जरा," मी म्हणाले. "तिचा फेरा होऊ द्या. दोन अथर उशिरा मारा हाक."

"तोवर तिचं पाणी संपलेलं असेल."

"मग आत्ताच उठवा, डोळा लागायच्या आत!"

"पाळीच्या आधी हाक मारता येत नाही. एकीला मारली तर उद्या सगळे मागतील." ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. असा हतबल झालेला हा माणूस मी त्याआधी एकदाच पाहिला होता, आमची मधली मुलगी तापात गेली तेव्हा.

कावळा खाचेतून वर आला. आम्ही दोघं गेलो. ह्यांनी हाक मारली, "झयाना बिन्त ज़ाहिर." काही नाही. दुसरी हाक, थोडी मोठी. काही नाही. तिसरी हाक मारताना ह्यांचा आवाज फाटला. वरून ओ नाही, कूस बदलल्याचा आवाज नाही, पोराची कुरकूरही नाही. पूर्वी निदान खोटी ओ तरी यायची. मी भिंतीला टेकले. सात फुटवे माझ्या डोळ्यांपुढे पिवळे पडले.

तेवढ्यात खालच्या बागेतून हम्मूदबाबांचा आवाज आला, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा.

"अरे खलफान! कुणाला उठवतोयस? ती इथे येऊन बसलीय केव्हाची! माझ्या पाण्याकडे अशी बघतेय की मला घोटभर प्यायलाही लाज वाटते! कावळा आला का नाही ते सांग आणि हिला मोकळं कर!"

आम्ही पळालो. म्हणजे मी पळाले, हे लांब टांगा टाकत चालले. पाटाच्या कडेला झयाना बसली होती, पाठीला फडक्यात बांधलेला हुमैद गाढ झोपलेला, तोंड उघडं. बाजूला विझवलेला कंदील.

"कावळा आला," हे म्हणाले. धाप लागली होती.

झयाना उठली, वाकली, स्वतःच्या हाताने स्वतःचा बोळा काढला. हम्मूदबाबांनी आपला दगड लावला. पाणी वळलं. कोरड्या मातीला पहिलं पाणी लागतं तेव्हा तव्यावर भाकरी टाकल्यासारखा आवाज येतो. नऊ आळ्यांपैकी सात आळ्यांत ते एकामागून एक शिरलं.

मी तिच्याजवळ उकिडवी बसले. "अगं, आम्ही मेलो होतो तिकडे. कंदील का विझवलास?"

"घरातून निघाले म्हणून विझवला, खाला. तेल काय फुकट येतं?" मग ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "काका, हा झोपेचना. मी मोजलं. एकच अथर उरला होता. अथरभर झोपले असते तर तळाशी गेले असते आणि तुम्हाला कहवा पाजला असता. म्हटलं, त्यापेक्षा नकोच झोपायला. पाण्यात पाय सोडून बसले. आता परत जाऊन तीन फेरे झोपेन."

ह्यांनी एकदा ताऱ्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मी त्यांना ओळखते. त्यांना वाटत होतं, तारे बघायला आपल्याला आयुष्यात कुणीतरी जोडीदार मिळाला.

हम्मूदबाबा जाताना माझ्याजवळ थांबले. हळूच म्हणाले, "उम्म हिलाल, त्याला विचार. माझी फजर रोज चुकते. मी कधी झोपावं?"

"दुपारी जांभया देता तेव्हा," मी म्हणाले, पण मग विचारून सांगितलं.

त्यानंतर माझ्या नवऱ्याचं काम दुप्पट झालं. रात्री उठवायचं आणि संध्याकाळी झोपवायचं. कहवा पिता पिता लोक विचारायचे, "अबू हिलाल, परवा माझी पाळी पहाटेच्या दुसऱ्या अथराला आहे, कधी पडू?" हे बोटांवर मोजून सांगायचे. कुणाला तीनच्या जरा आत, कुणाला जरा पुढे. प्रत्येकाचं त्यांना पाठ. लहान पोरांचे फेरे आखूड, आणि म्हाताऱ्यांची झोप उथळ, तळाला जातच नाही, असं ते म्हणायचे. ते खरं आहे, मी आता अनुभवते. नवी नवरी घरात आली की सासू पहिल्या आठवड्यात तिला ह्यांच्यापुढे आणायची, जणू वैद्याकडे. मी चेष्टा करायचे, "फी घ्या आता." ते म्हणायचे, "झोपेची फी कोण घेतं?" पण हिवाळ्यात दारात कुणी लिंबं ठेवून जायचं, कुणी अंडी.

सालिम दोन वर्षांनी आला तेव्हा सातही खजूर त्याच्या कमरेच्या वर होते. त्याने दोन रिकामी आळी बघितली आणि विचारलं, "ही दोन?"

झयाना म्हणाली, "त्या दोघांनी मला उठायला शिकवलं."

अबू हिलाल जाऊन आता अकरा वर्षं झाली. पाटाच्या पाळ्या आता हुमैद बघतो. हो, तोच. दिवसा झोपायचा आणि रात्री जागा राहायचा, मग दुसरं काय होणार त्याचं? त्याच्याकडे फोन आहे, पाळीची खबर त्यावरच जाते, तारे पाहावे लागत नाहीत. तरी सगळ्यांना पाठवून झालं की तो गल्लीतून एक चक्कर मारतो. मी विचारलं तर म्हणाला, "आजी, फोनला ओ दिलेला माणूस खरंच उठलाय का, ते बघून येतो."

झयाना आता आजी झाली आहे. त्या सात झाडांचा पहिला घड तिने आम्हाला दिला होता, आणि दरवर्षी खजूर पिकले की पहिला वाडगा अजून माझ्याकडेच येतो. मी दुपारी झोपते, एकच फेरा, ह्यांनी घालून दिलेला. झयाना दार वाजवत नाही. मी उठून बाहेर येते तेव्हा ती पायरीवर बसलेली असते, वाडगा मांडीवर, वर माश्या बसू नयेत म्हणून फडकं. किती वेळ बसली होतीस, विचारलं तर म्हणते, "आत्ताच आले, खाला. तुमचा फेरा संपायला आला होता."

आत येते, आणि कहवा मी ठेवते.